व्हॉट इज युवर पगार?

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला खिडकीपलीकडचा साहेब दोन-चार प्रश्न विचारतो आणि तेवढ्यावर त्याला देशात घ्यायचं की नाही ते ठरवून टाकतो. नगरच्या माळीवाडा बसस्थानकाबाहेरचे रिक्षावाले इतका उथळ कारभार करत नाहीत. पाठीवर पिशवी घेतलेला एखादा गोरा पाहुणा तिथे उतरला, की "विच कंट्री?"ने मुलाखत सुरू होते. रिक्षा दौंड रस्त्याला लागेपर्यंत त्याचं नाव, वय, लग्न, लग्न नसेल तर का नाही, मुलं, मुलं नसतील तर डॉक्टरला दाखवलं का, भाऊ किती, आई-वडील कुणाकडे, सगळं विचारून होतं. आणि एवढी ओळख झाल्यावर, आवाज जरा खाली आणून, शेवटचा प्रश्न येतो : "व्हॉट इज युवर पगार?" पासपोर्टवर शिक्का मारायचा तेवढा राहतो.

सरकारदरबारी २०२४ पासून हा जिल्हा अहिल्यानगर झाला. एसटीच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडी तो अजून नुसता 'नगर' आहे. क्षेत्रफळात राज्यात पहिला, १७,०४८ चौरस किलोमीटर, तालुके चौदा. समुद्र नाही, बंदर नाही. विमानतळ झाला तो २०१७ साली, तोही शिर्डीच्या भाविकांसाठी, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळरानावर. परदेशी जायला इतक्या गैरसोयीच्या या मुलखात परदेशच जवळजवळ दोनशे वर्षं स्वतःहून चालत येतो आहे. कधी बायबल घेऊन, कधी बेड्या घालून, कधी समाधीच्या दर्शनाला, कधी शोषखड्डे आणि बंधारे बघायला. आणि नगरकर त्याला प्रश्न विचारतो आहे.

हे प्रश्न विचारायचे नसतात, असं मात्र त्याला रीतसर शिकवलेलं असतं. गावोगावी स्टँडजवळच्या दुमजली इमारतीत, खाली झेरॉक्स आणि वर स्पोकन इंग्लिश, अशी एक जागा असतेच. जिन्यात 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' असा फलक. आत दोन-दोन मुलांच्या जोड्या लावलेल्या. "तू फॉरेनर, तू इंडियन, करा कॉन्व्हर्सेशन." मग पारनेरचा फॉरेनर श्रीगोंद्याच्या इंडियनला विचारतो, "व्हॉट इज युवर हॉबी?" इंडियन सांगतो, "माय हॉबी इज रीडिंग," आणि दोघंही सुटकेचा श्वास सोडतात. मराठीतून मात्र नगर जिल्ह्यात कुणी कुणाला छंद विचारल्याचं ऐकिवात नाही. कुणाच्या ओसरीवर बसून "मग काय, छंद वगैरे?" असं कुणी म्हणालं, तर त्याला पाणी द्यायचं की दवाखान्यात न्यायचं, असा प्रश्न घरच्यांना पडेल. इथे ओळख म्हणजे गाव कुठलं, शेती किती, पाणी कुठलं, मुलगा काय करतो, सोयरीक कुठे झाली. क्लासचे सर फळ्यावर लिहून देतात : परदेशी माणसाला वय, पगार, लग्न, धर्म आणि वजन विचारू नये. हवामानाबद्दल बोलावं. आता नगरचं हवामान हा बोलायचा विषय आहे का? पाऊस नाही. झाला विषय.

खरं तर आधीच्या पिढ्यांपुढे हा पेच नव्हता, कारण त्यांना इंग्रजी बोलायला कुणी शिकवलंच नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी माणसाला इंग्रजी वाक्य चारी बाजूंनी तपासायला शिकवलं. त्या पाठमालेवर वाढलेली माणसं कलेक्टरला निर्दोष अर्ज लिहीत, आणि कलेक्टर समोर आला की नुसता नमस्कार करत. मग 'रॅपिडेक्स' आलं, त्याच्या जाहिरातीत कपिलदेव आला, आणि विश्वचषक जिंकणारा माणूसही हेच पुस्तक वाचतो म्हटल्यावर संकोच जरा कमी झाला. २००० साली राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणलं. आताचा शेवटचा टप्पा आयईएलटीएस नावाच्या परीक्षेचा. तिच्यात तोंडी भागाला अकरा ते चौदा मिनिटं मिळतात. त्यात एक चिठ्ठी देऊन एक मिनिट विचार करायला लावतात आणि मग दोन मिनिटं अखंड बोलायला. समोरचा परीक्षक पढवलेले प्रश्न वाचतो, आपण पढवलेली उत्तरं देतो, आणि परदेशाची दारं उघडतात. या चौदा मिनिटांत उमेदवाराने उलट एकही प्रश्न विचारायचा नसतो. नगरकराला ही परीक्षा अवघड जाते ती यामुळेच. व्याकरणाला उगीच नावं ठेवतात.

कारण परदेश समजतो तो नेमका सरांनी फळ्यावर बंदी घातलेल्या प्रश्नांतून. हवामान आणि छंदावर वर्षभर बोललं तरी अमेरिकेबद्दल एवढंच कळेल, की तिथे कधी थंडी असते आणि लोकांना चालायला आवडतं. पगार विचारला, की घरभाडं निघतं, घरभाड्यातून शिक्षणाचं कर्ज निघतं, कर्जातून विमा निघतो, आणि स्वारगेटहून चढलेल्या माणसाने चास घाट यायच्या आत सगळा संसार सांगून टाकावा, तसा तो देश बोलू लागतो. याचा पुरावा नगरच्या इतिहासात ठिकठिकाणी पडलेला आहे.

पहिला पुरावा १८३१ चा. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईत १८१३ पासून होते. १८३१ च्या डिसेंबरात त्यांनी नगरला ठाणं मांडलं. इथे गंमत अशी, की बोलण्याचा सराव करायचा होता तो त्यांना. शास्त्रीबुवा समोर बसवून हे लोक तासन्‌तास मराठी घोकत, आणि बाजारात जाऊन ती वापरून बघत. नगरच्या लोकांना अमेरिका प्रथम कळली ती इंग्रजीतून नव्हे, तर अडखळत्या, पण हट्टी मराठीतून. या मिशनचं 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली नगरलाच सुरू झालं. पुढे मिशनच्या शाळांत इंग्रजीचा जोर वाढू लागला, तेव्हा बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये जातीने हिंदुस्थानात आले आणि धर्म सांगायचा तर देशी भाषेत, असं सांगून त्यांनी इंग्रजी शाळांना कात्री लावली. अमेरिकन माणूस महिनोन्‌महिने जहाजातून प्रवास करून येतो आणि नगरकरांना इंग्रजीपासून वाचवतो, ही घटना आजच्या इंग्रजी माध्यमवाल्यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत छापायला हरकत नाही.

याच मिशनमध्ये सिंथिया फेरार होत्या. न्यू हॅम्पशायरच्या मार्लबरो गावात १७९५ साली जन्मलेल्या, १८२७ च्या अखेरीस मुंबईला उतरलेल्या, आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या. आल्या तेव्हा वय बत्तीस, आणि अविवाहित. 'मॅडम, तुमचं लग्न का नाही झालं?' हा प्रश्न त्यांना नगरमध्ये कुणी विचारला, त्याची नोंद नाही. कुणीच विचारला नाही, यावर मात्र नगरची माणसं ओळखणारा कुणीही विश्वास ठेवणार नाही. विहिरीवर, शाळेच्या पायरीवर, मुलीला सोडायला आलेल्या आईने कधी ना कधी विचारलं असणारच. आणि त्याचं जे काही उत्तर मिळालं असेल, त्यातून अमेरिकेबद्दल एक बातमी गावात पसरली असेल : तिकडे बाई लग्नावाचून राहू शकते, एकटी समुद्र ओलांडू शकते, आणि तिला कामाचे पैसे मिळतात. ही बातमी त्या काळच्या भूगोलाच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन याच बाईंच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्याला भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण फेरारबाईंकडे झाल्याचं त्यांचे चरित्रकार लिहितात. फेरारबाई १८६२ साली नगरलाच वारल्या. मुलींना त्या मराठीत शिकवत, पण न्यू हॅम्पशायरचं जे काही गावाला समजायचं ते त्यांच्याकडे बघून समजत होतं. परदेशाची इतकी उपयुक्त ओळख त्यानंतर फारशी कुणी करून दिलेली नाही.

नंतरचे काही देश नगरला आले ते कुलपात. किल्ल्यात आणि छावणीत १९०१–०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी होते. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन आले. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मन आले. त्यांत पुढे तिबेटात सात वर्षं काढून जगप्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइन्रिश हारर होता. नगरहून त्याला देवळाली आणि मग डेहराडूनला हलवलं, आणि तिथून तो पळाला. तारेच्या पलीकडून प्रश्न विचारायची सोय असती, तर तिबेटऐवजी त्याने नगरवर पुस्तक लिहिलं असतं की काय, कोण जाणे. १९४२ मध्ये किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सभासद आले. नेहरूंनी तिथे १९४४ मध्ये पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. नगरमध्ये तयार झालेलं सर्वांत गाजलेलं इंग्रजी ते हेच. गंमत बघा, भारताचा शोध चालला होता आणि लेखकाला कापडबाजारापर्यंत जायची परवानगी नव्हती.

पण नगरच्या इंग्रजी संभाषणाचा खरा अध्याय उघडतो तो दौंड रस्त्यावर, शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या अरणगावापाशी. हा अध्याय ज्यांनी घडवला, ते स्वतः बोलत नव्हते.

मेरवान शेरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, १८९४ साली पुण्यात जन्मले, आणि १९२३ पासून अरणगावच्या माळावर, लष्कराने सोडून दिलेल्या इमारतींत त्यांचं वास्तव्य सुरू झालं. तेच मेहेराबाद. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत. सुरुवातीला ते पाटीवर लिहीत. १९२७ च्या आरंभापासून लिहिणंही सोडलं. मग एक फळी आली, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. बाबा एकेक अक्षरावर बोट ठेवणार आणि शेजारचा शिष्य ते जुळवून मोठ्याने वाचणार. बोट भरधाव चालायचं. वाचणाऱ्याने शब्द पुरा व्हायच्या आत ओळखायचा, वाक्य पुरं व्हायच्या आत सांगायचं, आणि चुकला तर बाबा मान हलवणार. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीचा याहून कडक वर्ग भारतात दुसरा निघाला नसावा. याच फळीवर सांगून झालेला त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये अमेरिकेत निघाला, त्याचं नाव 'गॉड स्पीक्स'. मौनी माणसाच्या ग्रंथाला हे नाव ठेवण्यात काही गफलत आहे, असं कुणालाच वाटलं नाही. १९५४ मध्ये फळीही सुटली आणि नुसते हातवारे उरले. ते वाचण्यात शिष्य एरच जेस्सावाला तरबेज होते.

हा न बोलणारा माणूस १९३१ मध्ये पहिल्यांदा पश्चिमेला निघाला तो 'राजपुताना' या बोटीने. त्याच बोटीवर गोलमेज परिषदेला चाललेले गांधीजी होते, आणि दोघांच्या भेटी झाल्या. एक सोमवारी मौन पाळणारे, दुसरे सातही वार. १९३२ मध्ये हॉलिवूडला मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या बंगल्यावर बाबांचं स्वागत झालं. मूकपट जाऊन बोलपट येण्याचा तो काळ. सगळं हॉलिवूड आवाजाच्या परीक्षेने हवालदिल झालेलं असताना नगरहून आलेला हा पाहुणा तोंड न उघडता सगळ्यांचं लक्ष वेधून घेत होता, याचा तिथल्या नटनट्यांना केवढा हेवा वाटला असेल!

तिकडची माणसं मग इकडे येऊ लागली, आणि अरणगावला त्यांचं येणं थांबलेलं नाही. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, टेकडीवरच्या समाधीभोवती डझनभर देशांची माणसं बसलेली दिसतात. यातून अरणगावाला जो भूगोल येतो, तो वेगळाच. हिंजवडीतल्या आयटीवाल्याची अमेरिका न्यू जर्सीपासून सुरू होऊन कॅलिफोर्नियात संपते. अरणगावच्या रिक्षावाल्याला साउथ कॅरोलिनातलं मर्टल बीच माहीत असतं, कारण तिथे बाबांचं केंद्र आहे. ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला मेलबर्नचं क्रिकेट मैदान आठवतं. त्याला क्वीन्सलँडमधलं वूंबाय नावाचं खेडं ठाऊक असतं, कारण तिथे बाबांचं स्थान १९५८ पासून आहे. 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे रिक्षाच्या मागे रंगवलेलं वाक्य बाबांच्या चित्राखाली वाचूनच बॉबी मॅकफेरिनने त्याचं गाणं केलं, ते १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी घेऊन आलं. 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडने १९७१ मध्ये आपल्या गाण्याला 'बाबा ओ'रायली' नाव दिलं, त्यातले बाबा हेच. दौंड रस्त्यावर चहा पिणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत नसलं, तरी त्याच्या शेजारी बसून चहा पिणारा पिकल्या दाढीचा अमेरिकन हा त्या गाण्यांच्या काळातला तरुण असतो.

अरणगावात आणखी एक गोष्ट कळते, आणि ती कुठल्याही क्लासमध्ये सांगत नाहीत : परदेशी माणसालाही इंग्रजी येतंच असं नाही. इराणहून आलेल्या बाई, इटलीहून आलेले गृहस्थ, फ्रान्सचा पोरगा, सगळे आपापल्या घरून मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन आलेले. दोन्ही बाजूंचं व्याकरण एकाच ठिकाणी कोसळलं, की संभाषण विलक्षण वेगाने पुढे जातं. "यू मॅरेज?" "मॅरेज, फिनिश." "व्हाय फिनिश?" "ही गो." "चिल्ड्रन?" "टू. विथ मी." सहा-सात वाक्यांत युरोपातली कुटुंबव्यवस्था. समाजशास्त्राचा प्राध्यापक यालाच तीनशे पानं घेतो आणि तळटीपा वर. बरं, रिक्षावाला एवढ्यावर थांबत नाही, "ही गिव्ह मनी?" असं विचारून पोटगीचा कायदाही उरकून घेतो. आणि बाई उत्तर देतात! फळ्यावरच्या बंदीप्रमाणे त्यांनी रागवायला हवं होतं. पण दोन मुलं एकटीने वाढवलेल्या बाईला "तो पैसे देतो का?" असं विचारणारं माणूस तिच्या गावात तिला भेटलेलंच नसतं. तिथे सगळे तिला वीकेंड कसा गेला एवढंच विचारत असतात.

दहा जुलैला मात्र सगळंच थांबतं. मौनाचा दिवस. त्या दिवशी पारनेर, पॅरिस आणि तेहरानचं इंग्रजी एका पातळीवर येतं.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आलं, आणि खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करू लागलं. त्या भागात १९७१ च्या सुमारास हजारात १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. तीन दशकांत तो आकडा पंचविसाच्या आसपास आला. जगाला हे नवल वाटलं. डॉ. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोपातले वैद्यकीचे विद्यार्थी शिकायला जामखेडला येऊ लागले. शिकवणाऱ्या कोण, तर त्याच बाया.

इथे सरावाचा सगळा हिशेबच उलटा होतो. गोरी पोरं वही उघडून जमिनीवर बसलेली, समोर नऊवारीतल्या बाई, मधे दुभाषा. पोरं विचारतात : जुलाब झालेल्या बाळाला आधी काय द्यायचं? बाई मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण सांगतात, आणि दुभाष्याला थांबवून विचारतात : हिला विचार, हिच्या वेळी कितवा महिना लागला तेव्हा हिच्या आईला दवाखान्यात नेलं? बाळंतपणाचं बिल कुणी भरलं? आई आता कुणाजवळ असते? पोरगी आधी गोंधळते. मग विम्याचं सांगू लागते. बाईंना विमा म्हणजे बैल मेल्यावर मिळणारे पैसे एवढं ठाऊक. बाळ होण्याआधी कंपनीला हप्ते भरावे लागतात आणि तरी वर बिल येतं, हे ऐकून त्या गालाला हात लावतात. सुधारलेल्या देशाबद्दल त्यांच्या मनात जी भीती होती, ती त्या दिवसापासून कमी होते. पोरीची काळजी मात्र वाढते. "पोरीला जेवून जायला सांग" हे वाक्य दुभाष्याने सांगायच्या आत ताटात भाकरी आलेली असते, आणि कर्जत-जामखेडची शिपी आमटी. पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. हवामानाबद्दल बोलायचीही मग सोय होते.

यांच्यातल्याच मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या लखलखत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे, महाग आणि पोचायला कठीण. आणि आपण साध्या दिव्यासारख्या, एकीची ज्योत दुसरीला लावता येते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मुक्ताबाईंना कुणी हॉबी विचारली असेल असं वाटत नाही.

आता तर नगरच्या आज्याच तिकडे जाऊ लागल्या आहेत. मुलगा सहा वर्षं तिथल्या एका इमारतीत राहतो. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्याला "हाय" म्हणतो, आणि शेजारी "हाय" म्हणतो. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर येते, बाकावर बसून एका चिनी आजीशी आणि एका मेक्सिकन आजीशी मैत्री करते, आणि पंधरवड्यात तिला कळलेलं असतं, की तिसऱ्या मजल्यावरच्याची नोकरी गेली, पाचव्या मजल्यावरची बाई सुनेशी बोलत नाही, आणि मेक्सिकन आजीचे गुडघे नेमके कोणत्या तेलाने बरे झाले. तिघींत मिळून इंग्रजी शब्द पंचवीस असतील-नसतील. मुलगा चिडतो : "आई, असं कुणाला विचारायचं नसतं!" आई म्हणते, "मी कुठं विचारलं? ती आधी म्हणाली, सन गुड, बट सून नो गुड." भाषेचा इतका सढळ वापर मुलाला कार्यालयातल्या सादरीकरणातही जमलेला नसतो.

राहता राहिला शेतकरी. नगर जिल्ह्याला परदेशी पाहुण्यांची सवय लावली ती पाण्याच्या कामांनीही. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथले बंधारे आणि चर बघायला बाहेरची माणसं येत राहिली. पाहुणा शेतकरी निघाला, की सरपंचांपासून पोरापर्यंत सगळे सरसावतात, कारण आता हवामानही बोलायला चालतं. पाहुणा म्हणतो, आमच्याकडे उन्हाळ्यात नव्वद डिग्री. ओसरीवर शांतता पसरते. नगरला बेचाळीसला डांबर वितळतं, हा नव्वदात नांगरतो! फॅरनहाइटचा उलगडा व्हायला एक चहा जातो. नव्वद म्हणजे आपले बत्तीस, हे कळल्यावर त्याच्याबद्दलचा आदर थोडा उतरतो.

मग एकर. अमेरिकेच्या २०२२ च्या शेतीगणनेप्रमाणे तिथली सरासरी शेती ४६३ एकरांची. महाराष्ट्राची २०१५–१६ च्या गणनेतली सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. पाहुणा सहज "फोर हंड्रेड" म्हणतो, आणि त्याला खुर्ची बदलून गादीची खुर्ची देतात. "गडी किती?" "मी आणि बायको." "आणि कर्ज?" इथे पाहुणा खाली बघतो आणि जो आकडा सांगतो, तो रुपयांत करेपर्यंत मोबाइलचा हिशेब डाव्या बाजूने संपतो. गादीची खुर्ची राहते, पण आता तिच्यावर आपल्यातलाच माणूस बसलेला असतो.

समजा, हा पाहुणा मिनेसोटाच्या रेड रिव्हर खोऱ्यातला बीट पिकवणारा आहे आणि त्याची गाठ प्रवरेकाठच्या ऊसवाल्याशी पडली. लोणीचा साखर कारखाना म्हणजे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला, आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना. ऊसवाला छाती काढून विचारतो, "यू हॅव को-ऑपरेटिव्ह शुगर फॅक्टरी?" नाही, हे उत्तर त्याने गृहीत धरलेलं. पाहुणा म्हणतो, येस. 'अमेरिकन क्रिस्टल शुगर' ही कंपनी तिथल्या बीटवाल्यांनी १९७३ मध्ये विकत घेतली. ती आता शेतकऱ्यांची. शेअरमागे साधारण एक एकर बीट लावायचा हक्क, आणि लावायचं बंधनही. संचालक मंडळ शेतकऱ्यांनी निवडलेलं. मुख्य कचेरी मूरहेडला.

ऊसवाला खुर्ची पुढे ओढतो. आता त्याला इंग्रजी अडत नाही. शेअर कितीला? वारसाला जातो का? टनाला भाव काय? पहिली उचल किती, दुसरी कधी? तोडणीला टोळ्या कुठून आणता? टोळ्या नाहीत, यंत्र आहे, असं पाहुणा सांगतो. ऊसवाला यंत्राची किंमत विचारतो, ऐकतो, आणि टोळ्याच बऱ्या असं म्हणतो. बीटच्या मळीचा उपयोग होतो का? होतो. वजनकाट्यात गडबड? पाहुणा हसतो, उत्तर देत नाही, आणि ऊसवाल्याला जे कळायचं ते कळतं. शेजारी बसलेलं, क्लासला जाणारं त्याचं पोरगं एव्हाना अस्वस्थ झालेलं असतं. ते हळूच सुचवतं : अप्पा, त्यांना जरा त्यांची हॉबी विचारा.

"थांब रे," अप्पा म्हणतात, आणि पाहुण्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पुढे वाकतात. "टेल मी. युवर पॅनेल विन, ऑर ऑपोझिशन पॅनेल?"